एकही टप्पा न जिंकता टूर द फ्रान्स कशी जिंकतात?

१८ ऑगस्ट २०२४, महिलांच्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस. आल्प द्युएझच्या माथ्यावर नेदरलँड्सची डेमी फोलरिंग सगळ्यांत आधी पोहोचली. पोलंडची कासिया नेव्यादोमा चौथी आली, १ मिनिट १ सेकंद उशिरा. त्या दिवसाची विजेती अर्थातच फोलरिंग. पण आठ टप्प्यांची अख्खी शर्यत जिंकली नेव्यादोमाने, ४ सेकंदांनी.

गणित अगदी शाळेतलं आहे. त्या सकाळी एकूण वेळेत फोलरिंग ७५ सेकंद मागे होती. टप्प्यात तिने ६१ सेकंद भरून काढले. पहिली आल्याबद्दल १० सेकंदांची सूट मिळाली. झाले ७१. चार सेकंद राहिले ते राहिलेच.

अशी शर्यत पहिल्यांदाच टीव्हीवर बघणाऱ्याचा गोंधळ उडतो तो इथेच. दीडशे-पावणेदोनशे जण चार-पाच तास एकत्र सायकल हाणतात, शेवटी कुणीतरी एक जण हात उंचावून रेषा ओलांडतो, आणि थोड्या वेळाने पिवळी जर्सी घालायला व्यासपीठावर भलताच माणूस येतो. त्या दिवशी तो तिसावाही आलेला असू शकतो. २०१७ साली ख्रिस फ्रूमने एकवीसपैकी एकही टप्पा न जिंकता टूर जिंकली. १९९०मध्ये ग्रेग लेमाँडनेही हेच केलं होतं. यात चमत्कार काही नाही. इथे रोजचा क्रमांक नाही, तर सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज मोजतात. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो विजेता. ही बेरीज कुठे हलते आणि कुठे जागची हलत नाही हे एकदा कळलं की पाच तासांचं प्रक्षेपण कंटाळवाणं वाटेनासं होतं. निदान शेवटचे दोन तास तरी. आधीच्या तीन तासांत मीही सूर्यफुलांची शेतं आणि जुने किल्लेच बघत असतो.

आधी मांडणी

पुरुषांची टूर जुलै महिन्याच्या आसपास तीन आठवडे चालते. एकवीस दिवसांचे एकवीस टप्पे, मध्ये दोन दिवस विश्रांती, एकूण अंतर साधारण ३,३०० ते ३,५०० किलोमीटर. आठ-आठ जणांचे बावीस-तेवीस संघ. इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्ता याही इतक्याच लांब. या तिघींनाच सायकलिंगच्या जगात ग्रँड टूर म्हणतात. बाकीच्या बहुटप्पी शर्यती आठवडाभराच्या किंवा त्याहून लहान. जानेवारी २०२६मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर झालेली पुणे ग्रँड टूर त्यांतली. नाव मोठं असलं तरी एक प्रोलॉग (सुरुवातीचा छोटा टप्पा) आणि चार टप्पे मिळून ती ४३७ किलोमीटरची होती. तिच्या दर्जाबद्दल वर्तमानपत्रांत ‘२.२’ असा आकडा सारखा छापून येत होता. त्यातला पहिला आकडा शर्यत एका दिवसाची (१) की अनेक दिवसांची (२) हे सांगतो, दुसरा तिची पायरी. शर्यत लहान असो वा मोठी, हिशेबाची पद्धत एकच.

नवख्यांना हमखास पडणारा एक प्रश्न इथेच उरकून घेऊ. काल जो दोन मिनिटांनी पुढे होता, तो आज दोन मिनिटं आधी निघतो का? नाही. रोज सकाळी सगळे एकत्र निघतात. आघाडी रस्त्यावर कुठेच दिसत नाही, ती फक्त वहीत असते. म्हणूनच पिवळी जर्सी लागते. त्या घोळक्यात बेरजेने पुढे असलेला माणूस कोण, हे लोकांना दिसावं म्हणून.

सुरुवातीला ती नव्हती. १९०३ साली ‘लोतो’ नावाच्या क्रीडा दैनिकाने खप वाढवण्यासाठी ही शर्यत काढली. संपादक ऑन्री देग्राँज, मूळ कल्पना त्यांच्या हाताखालच्या जेओ लफेव्रची. सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर. पॅरिस ते लियाँ हा पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरचा, म्हणजे रात्रीसुद्धा सायकल चालवायची. ६० जण निघाले, २१ पोहोचले. मॉरिस गारँ जवळजवळ तीन तासांच्या फरकाने जिंकला. आजतागायत इतक्या फरकाने कुणी जिंकलेलं नाही. पुढच्या वर्षीही तोच पहिला आला, पण स्पर्धकांनी वाटेत इतक्या लबाड्या केल्या होत्या की पहिले चारही जण बाद झाले आणि पाचव्याला, विशीसुद्धा न गाठलेल्या ऑन्री कोर्नेला, विजेता ठरवावं लागलं.

मग १९०५पासून वेळेऐवजी क्रमांकाचे गुण मोजायला घेतले. कागदावर बरी वाटणारी पद्धत. पण तिच्यात एका चाकाने हरलेला आणि एका तासाने हरलेला, दोघेही सारखेच. घाटात जीव तोडून अर्धा तास कमावला तरी हाती लागतो एकच क्रमांक, मग कोण कशाला जीव तोडेल? १९१३ला पुन्हा वेळ मोजायला लागले, ते आजपर्यंत. पिवळी जर्सी १९१९मध्ये शर्यत सुरू असतानाच आली. ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापलं जायचं, म्हणून पिवळी. तेव्हा ती जाहिरात होती, आता मानचिन्ह आहे.

घड्याळ सगळ्यांना सारखं वागवत नाही

आता नियमांतली एक मेख. शेवटच्या रेषेवर दीडशे जणांचा घोळका एकत्र आला तर त्यातल्या पहिल्याची जी वेळ, तीच सगळ्यांची वेळ धरतात. घोळक्याच्या शेपटाला रेषा ओलांडायला आणखी वीस सेकंद लागले तरी ते मोजत नाहीत. फट पडली असेल तरच नवीन वेळ. कारण सरळ आहे. प्रत्येकाचा प्रत्येक सेकंद मोजला, तर एकूण विजेतेपदासाठी आलेले सगळे शेवटच्या वळणावर ताशी ६५ किलोमीटरने स्प्रिंटर मंडळींच्या, म्हणजे रेषेजवळ सुसाट सुटणाऱ्या गड्यांच्या, मधे घुसतील आणि रोज हाडं मोडतील.

सपाट टप्प्यांवर आणखी एक सवलत असते. शेवटचे तीन किलोमीटर उरलेले असताना (हल्ली काही टप्प्यांवर हा पट्टा पाच किलोमीटरपर्यंत वाढवतात) कुणी पडलं किंवा सायकल बिघडली, तर तो ज्या गटात होता त्या गटाची वेळ त्याला मिळते. म्हणून तीन किलोमीटरच्या कमानीपर्यंत सगळे मातब्बर पुढे येण्यासाठी धक्काबुक्की करताना दिसतात, आणि कमान ओलांडली की हळूच मागे सरतात. फोलरिंगचं नशीब बघा. शेवटच्या दिवसाच्या तीन दिवस आधी, आमनेव्हिलच्या टप्प्यात, पिवळी जर्सी अंगावर असताना ती पडली, आणि पडली ती साधारण सहा किलोमीटर आधी. सवलतीच्या पट्ट्याबाहेर. सुमारे पावणेदोन मिनिटं गेली.

रोजच्या पहिल्या तिघांना अनुक्रमे १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते, तीही वेळेतून वजा होते. तीन आठवड्यांच्या ऐंशी तासांच्या शर्यतीत दहा सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. तसं नेव्यादोमाला विचारून बघा.

वारा सगळ्यांना एकत्र बांधून ठेवतो

सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरने जाणाऱ्या माणसाची बहुतेक ताकद कशात जाते? समोरची हवा बाजूला सारण्यात. हवेचा विरोध वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजण्यासाठी लागणारी ताकद आठपट होते. पण कुणाच्या तरी मागे हातभर अंतरावर चाक लावलं की हे ओझं बरंचसं पुढच्याच्या अंगावर पडतं आणि ढोबळमानाने एकतृतीयांश ताकद वाचते. हायवेवर सायकल चालवताना शेजारून ट्रक गेला की क्षणभर हवा नाहीशी होते, हे ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर बचत विश्वास बसू नये इतकी. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनचे संशोधक बर्ट ब्लोकेन यांनी २०१८मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. आतल्या, मागच्या जागी हवेचा विरोध एकट्या माणसाला लागतो त्याच्या जेमतेम ५ ते १० टक्के भरला.

या एका गोष्टीवर सगळे डावपेच उभे आहेत. सपाट टप्प्यावर जगातला सर्वोत्तम सायकलपटूसुद्धा एकट्याने दीडशे जणांपासून पळू शकत नाही, कारण मागचे आलटून पालटून पुढे येतात आणि बाकीचे जवळजवळ फुकटात ओढले जातात. सगळे एकत्र पोहोचतात, सगळ्यांना एकच वेळ, वहीतली बेरीज जिथल्या तिथे. असा दिवस स्प्रिंटरचा. पिवळ्या जर्सीचे दावेदार त्या दिवशी फक्त न पडता घरी जायचं बघतात.

मग रोज सकाळी पाच-सहा जण सुटून पुढे का पळतात? शेवटी आपण पकडले जाणार हे त्यांना माहीत असतं. मागच्यांनाही माहीत असतं. एकूण वेळेत तासभर मागे असलेल्याला कुणी अडवत नाही, जाऊ देतात. जुने सायकलपटू आणि नंतरचे समालोचक रोबेर शापात यांच्या नावाने एक ठोकताळा चालतो. पळालेल्यांकडे दर दहा किलोमीटरला एक मिनिट असेल तरच त्यांना आशा. तीस किलोमीटर उरलेत आणि आघाडी दोन मिनिटांची, तर घोळका त्यांना बहुतेक गाठणारच. तरीही पळायचं, कारण सायकलिंगमध्ये तिकीट नाही, स्टेडियम नाही. संघ चालतात ते प्रायोजकांच्या पैशावर आणि त्यांच्याच नावाने. चार तास कॅमेऱ्यासमोर जर्सी झळकली तर त्या दिवसाचा पगार सार्थकी लागला. आणि दहातून एखाद्या वेळी मागच्यांचं गणित चुकतंही.

सपाट टप्पा नेहमीच निर्धोक असतो असं मात्र नाही. वारा समोरून न येता बाजूने आला की आडोसा मागे नसतो, तिरका असतो. मग तिरकी रांग लागते. पण रस्ता रुंद असून असून किती असणार? दहा-पंधरा जण मावले की बाकीचे रस्त्याच्या कडेला एकामागे एक, उघड्यावर. तिथे घोळका फुटतो. २०१३मध्ये साँ-आमाँ-मोंत्राँच्या टप्प्यात एकही चढ म्हणावा असा चढ नव्हता. तरी वाऱ्यात साथीदारांसह पुढच्या तुकडीत सुटलेल्या आल्बेर्तो कोंतादोरने पिवळी जर्सी घातलेल्या फ्रूमचं १ मिनिट ९ सेकंदांचं नुकसान केलं. आलेहांद्रो व्हाल्व्हेर्देची सायकल ऐन वेळी पंक्चर झाली, त्याची तर जवळपास दहा मिनिटं गेली आणि त्याची शर्यत तिथेच संपली. तेव्हा हेलिकॉप्टरच्या दृश्यात घोळका रस्त्याच्या एका कडेला चिकटलेला दिसला की चहा ठेवायला उठू नका.

घाटात आडोसा संपतो

चढ लागला की वेग ताशी वीसच्या आसपास येतो. हवा आता मोठी शत्रू राहत नाही, तिची जागा स्वतःचं वजन घेतं. इथे प्रश्न एकच. शरीराच्या प्रत्येक किलोमागे किती वॉट ताकद तुम्ही अर्धा-पाऊण तास सलग काढू शकता? अव्वल मंडळी किलोमागे सहा वॉटच्याही पुढे जातात. चांगला तंदुरुस्त हौशी माणूस यातल्या निम्म्यावर थोडं चढला तरी खूश असतो. सायकलीचं वजन ६.८ किलोपेक्षा कमी नको असा नियमच आहे, त्यामुळे तिथे फार चलाखी चालत नाही. साठ-पासष्ट किलोचे सडपातळ लोक पुढे निघतात आणि ऐंशी किलोचे स्प्रिंटर मागे गळतात.

आल्प द्युएझला २१ वळणं आणि सुमारे १४ किलोमीटरचा चढ. पिरेनीजमधला तुर्माले २,११५ मीटर उंच, आल्प्समधला गालिबिए २,६४२ मीटर. १९१०मध्ये शर्यत पहिल्यांदा पिरेनीजच्या या उंच घाटांत नेली तेव्हा ऑक्ताव लापीझ दमून सायकल हातात धरून चढत होता, आणि आयोजकांवर ‘खुनी!’ असं ओरडला होता. त्या वर्षी टूर जिंकला तोच.

घाटांना चढ आणि लांबी बघून चौथ्यापासून पहिल्यापर्यंत वर्ग दिलेले असतात आणि सगळ्यांत कठीण घाट वर्गवारीच्याही बाहेर ठेवतात. माथ्यावर आधी पोहोचणाऱ्याला गुण मिळतात, आणि सर्वाधिक गुणवाल्याला लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी सर करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, त्याच जातकुळीचा हा मान. ठिपके आले १९७५मध्ये, एका चॉकलेट कंपनीच्या प्रायोजकत्वामुळे.

घाट म्हणजे वेळ मिळवण्याची जागा, याचं याहून टोकाचं उदाहरण क्वचितच सापडेल. २०१९चा एकोणिसावा टप्पा. कोलंबियाचा २२ वर्षांचा एगान बर्नाल इझरानच्या २,७७० मीटर उंच माथ्यावरून सगळ्यांच्या पुढे उतरायला लागला, आणि पुढच्या रस्त्यावर गारपीट होऊन दरड आली. टप्पा मधेच थांबवला. विजेता कुणालाच घोषित केलं नाही, पण इझरानच्या माथ्यावर कोण किती पुढे होतं ती वेळ ग्राह्य धरली. तेवढ्यावर ज्युलियाँ आलाफिलीपची पिवळी जर्सी बर्नालकडे गेली, आणि दोन दिवसांनी पॅरिसमध्ये तोच जिंकला. त्याच्या नावावरही त्या टूरमधला एकही टप्पा नाही.

घाटात तिकीट नसतं हे खरं, पण गर्दी अडवणाऱ्या दोऱ्याही नसतात. २०१६मध्ये माँ व्हाँतू डोंगराच्या चढावरच्या गर्दीत मोटारसायकल अडली, फ्रूम तिच्यावर आदळला आणि त्याची सायकल मोडली. पिवळ्या जर्सीतला हा गडी सायकलीच्या बुटांनिशी चक्क धावत सुटला. पंचांनी नंतर वेळा सुधारून त्याची जर्सी राखली, पण धावतानाचं ते चित्र काही पुसलं जात नाही.

वेळ मिळवायची तिसरी जागा म्हणजे टाइम ट्रायल. ठराविक अंतराने एकेकाला सोडतात, कुणाच्या मागे आडोसा घ्यायला बंदी, फक्त तुम्ही आणि घड्याळ. बहुधा एकूण क्रमवारीतला शेवटचा आधी निघतो आणि पिवळी जर्सी सगळ्यांत शेवटी, म्हणजे तिला आपल्याला किती वेळ गाठायची आहे ते कळत असतं. १९८९ची टूर अशा टप्प्याने संपली. व्हर्साय ते पॅरिस, फक्त २४.५ किलोमीटर. लॉराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. लेमाँडने हात पुढे जोडून टेकवता येतील असं हँडल लावलं होतं, डोक्याला निमुळतं हेल्मेट. फिन्योंच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, मोकळी पोनीटेल मात्र होती. लेमाँडने ५८ सेकंद काढले आणि टूर ८ सेकंदांनी जिंकली. पुरुषांच्या टूरमधला हा सर्वांत कमी फरक. पोनीटेलमुळेच हरला असं सायकलवेडे अजून म्हणतात. फक्त तेवढ्यामुळे नसेल, पण हवेला हलकं घेऊ नये हा धडा सगळ्यांनी त्या दिवशी घेतला.

मग बाकीचे सात जण काय करतात?

देग्राँजला ही एकट्यादुकट्याची शर्यत हवी होती. मदत म्हणजे फसवणूक. १९१३मध्ये यूजीन क्रिस्तॉफच्या सायकलीचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभागी दांडा) तुर्मालेच्या उतारावर तुटला. नियमाप्रमाणे दुरुस्ती स्वतःच करायची. सायकल खांद्यावर घेऊन तो चालत पायथ्याच्या साँत-मारी-द-कांपाँ गावात आला, तिथल्या लोहाराच्या भट्टीत स्वतः फोर्क जोडला, आणि भाता एका मुलाला मारायला लावला म्हणून वर दंडही खाल्ला.

पण वाऱ्याचं गणित देग्राँजच्या इच्छेवर चालत नाही. पुढच्याच्या मागे बसून एकतृतीयांश ताकद वाचत असेल, तर पुढे बसायला माणसं लागणारच. हळूहळू संघ आले आणि त्यात नायक एक, राबणारे बाकीचे. हे राबणारे घाट लागेपर्यंत नायकाला वाऱ्यापासून झाकतात, मागे संघाच्या गाडीपाशी जाऊन जर्सीत सात-आठ बाटल्या कोंबून आणतात, आणि नायकाची सायकल बिघडली तर आपली देतात. १९३४ साली विशीतल्या रने व्हिएत्तोने नायक आंतोनँ मान्येला आपलं पुढचं चाक काढून दिलं आणि मदतीची गाडी येईपर्यंत दगडी भिंतीवर रडत बसला. तो फोटो फ्रान्समध्ये अजून छापला जातो. दुसऱ्या दिवशी मान्येची सायकल पुन्हा बिघडली. व्हिएत्तो पुढे निघून गेला होता, तो चढ उलटा येऊन आपली सायकल देऊन गेला. मान्ये टूर जिंकला, व्हिएत्तो पाचवा आला. लोकांना आठवतो तो व्हिएत्तो.

म्हणूनच एकूण विजेत्याला मिळणारे पाच लाख युरो तो स्वतःच्या खिशात घालत नाही. ते संघात वाटायचा रिवाज आहे. आणि म्हणूनच आमनेव्हिलच्या त्या दिवसावर इतकी चर्चा झाली. फोलरिंग मागे एकटी झुंजत असताना टप्पा जिंकला तो तिच्याच संघातल्या ब्लांका वासने. चार सेकंदांचा हिशेब मांडणारे लोक त्या संध्याकाळपासून मांडतात.

उरलेल्या जर्सी थोडक्यात. हिरवी गुणांसाठी, म्हणजे रोजच्या स्प्रिंटमध्ये सातत्याने पुढे असणाऱ्याला. पीटर सागानने ती सात वेळा नेली. पांढरी २५ वर्षांपर्यंतच्या सर्वोत्तम सायकलपटूला. यांतल्या कुणाचंही लक्ष पिवळ्या जर्सीकडे असेलच असं नाही. एकाच रस्त्यावर चार-पाच वेगवेगळ्या शर्यती सुरू असतात, आणि कोण कुठल्या शर्यतीत आहे ते ओळखणं हीच बघणाऱ्याची निम्मी गंमत.

सगळ्यांत मागे एक शर्यत चालते, तिला जर्सी नाही. रोज पहिल्याच्या वेळेवर ठराविक टक्के चढवून मुदत काढतात. टप्पा किती अवघड आणि किती वेगात झाला यावर ते टक्के ठरतात. मुदतीत न पोहोचणारा घरी. म्हणून घाटाच्या दिवशी सगळे स्प्रिंटर मागे एकत्र जमून, घड्याळाचा हिशेब लावत चढतात. मार्क कॅव्हेंडिश २०१८मध्ये ला रोझिएरच्या घाटात या मुदतीत बसला नाही आणि बाहेर गेला. २०२४मध्ये ३९व्या वर्षी तो परत आला आणि साँ-व्हुलबाला ३५वा टप्पा जिंकून त्याने एडी मेर्क्सचा ३४ टप्प्यांचा विक्रम मोडला. पिवळी जर्सी घालून पॅरिसला पोहोचायचा विचारही त्याने कधी केला नसेल. मेर्क्सने मात्र टूर पाच वेळा जिंकली.

डोपिंगबद्दल न बोलता या शर्यतीवर लिहिणं अप्रामाणिक होईल. १९६७मध्ये टॉम सिम्पसन माँ व्हाँतूच्या चढावर कोसळून मेला, त्याच्या शरीरात ॲम्फेटामिन हे उत्तेजक सापडलं. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ची सातही विजेतेपदं २०१२मध्ये काढून घेतली आणि ती कुणालाच दिली नाहीत. त्या सात वर्षांच्या यादीत रकाना रिकामा आहे. २००८पासून प्रत्येक सायकलपटूच्या रक्ताची दीर्घकालीन नोंद ठेवतात, तेव्हापासून फसवणूक अवघड झाली आहे. अशक्य झाली असं म्हणायला मी धजणार नाही.

आता बघायला कधी बसायचं ते सांगतो. फ्रान्सचं घड्याळ जुलैमध्ये आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, टप्पे साधारण रात्री नऊच्या सुमारास संपतात. सगळं बघायला सवड नसेल तर टाइम ट्रायलचे दिवस आणि माथ्यावर संपणारे घाटाचे टप्पे धरा. पडद्यावर तीन आकडे असतात. किती किलोमीटर उरले, पळालेले किती पुढे, आणि पिवळी जर्सी कुठल्या गटात. एवढ्यावर बाकीचं जुळवता येतं.

शेवटचा दिवस बहुतेक वेळा वेळेच्या दृष्टीने निवांत असतो. १९७५पासून सांगता बहुधा पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर होते आणि पिवळ्या जर्सीवर त्या दिवशी हल्ला करायचा नाही, असा अलिखित संकेत आहे. जाता जाता शॅम्पेनचे ग्लास, फोटो, आणि मग स्प्रिंटरांची हाणामारी. २०२५मध्ये आयोजकांनी पॅरिसमधली मोंमार्त्रची दगडी चढण त्यात घातली. त्या दिवशी पाऊस आला, आणि पडापडी होऊ नये म्हणून पंचांनी एकूण वेळेचा हिशेब पन्नासेक किलोमीटर आधीच बंद केला. तादेय पोगाचार योनास विंगेगोच्या ४ मिनिटं २४ सेकंद पुढे होता. न पडता रेषा ओलांडायची, एवढंच त्याचं काम उरलं होतं. तरीही ओल्या दगडांवर तो पिवळ्या जर्सीत पुन्हा पुन्हा सुटत राहिला, एका टप्प्यासाठी. मोंमार्त्रच्या शेवटच्या चढणीवर वाउट व्हान आर्टने त्याला मागे टाकलं आणि शाँझेलिझेवर एकट्याने येऊन टप्पा जिंकला.